पाचव्या प्रदेशातले शहर

भारतात घरबसल्या चित्रपट पाहणे ज्या काळात प्रथम फितीवर आणि नंतर तबकडीवर अवलंबून होते, त्या साधारण १९८० ते २०१५ पर्यंतच्या काळात प्रेक्षकाच्या वाटेत दोन वेगवेगळे अडथळे उभे होते, आणि हे दोन अडथळे तेव्हाही एकच समजले जात व आजही समजले जातात. पहिला अडथळा दूरचित्रवाणीच्या चित्रसंकेताच्या पद्धतींचा, म्हणजे पाल, एनटीएससी आणि सेकाम यांचा होता. तो वीजपुरवठा, अभियांत्रिकी आणि प्रत्येक देशाने आपापल्या वेळी केलेली निवड यांतून आपोआप निर्माण झाला. दुसरा अडथळा डीव्हीडीच्या रिजन कोडचा, म्हणजे जगाची व्यापारी वाटणी करून प्रत्येक वाट्याला दिलेल्या क्रमांकाचा होता. तो चित्रपट कंपन्यांनी जाणूनबुजून उभा केला. तबकडी चालली नाही की दुकानदार ‘सिस्टीम वेगळी आहे’ एवढेच सांगे आणि गिऱ्हाईकही तेवढ्यावर समाधान मानी. या दोन्हींचा इतिहास एकत्र पाहायचा तर बंगळूर हे सोयीचे शहर आहे, कारण येथे दूरचित्रवाणीची सामग्री बनवणारा सरकारी कारखाना होता, संच बनवणारी खासगी कंपनी होती, अमेरिका आणि आखाताशी सतत ये-जा असणारा वर्ग होता, आणि या सर्वांनी आणलेल्या, बनवलेल्या व बिघडवलेल्या वस्तूंची तड लावणारा बाजारही होता.

पहिल्या अडथळ्याचे मूळ विजेच्या तारेत आहे. घराघरांत येणारा विद्युतप्रवाह सेकंदाला ठरावीक वेळा दिशा बदलतो आणि त्या फेऱ्यांना आवर्तने म्हणतात. अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तनांचे प्रमाण रूढ झाले, तर युरोपात आणि पुढे भारतात ५० चे. विजेच्या आरंभीच्या काळात हे प्रमाण कोठेच पक्के नव्हते. म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्र येथे उभारलेले आणि १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देऊ लागलेले केंद्र तर आरंभी २५ आवर्तनांवर चालत असे, आणि त्याच केंद्राच्या विजेवर १९०५ मध्ये बंगळूरचे दिवे लागले. दूरचित्रवाणीच्या पहिल्या पिढीतील अभियंत्यांनी पडद्यावर चित्र उमटण्याचा वेग त्या त्या देशातील आवर्तनांशी जुळवून घेतला, कारण तसे न केल्यास विजेच्या गुणगुणीमुळे पडद्यावर सरकणारे आडवे पट्टे दिसत आणि स्टुडिओतील दिव्यांमुळे चित्र लुकलुकत असे. म्हणून अमेरिकेत सेकंदाला ६० अर्धचित्रे, म्हणजे ३० पूर्ण चित्रे, आणि युरोपात ५० अर्धचित्रे, म्हणजे २५ पूर्ण चित्रे, असा भेद पडला. अर्धचित्र म्हणजे चित्रातील एकाआड एक रेषांचा संच. प्रथम विषम रेषा आणि मग सम रेषा पडद्यावर उमटतात आणि डोळ्याला ते एकच चित्र भासते. अमेरिकी चित्र ५२५ रेषांचे, युरोपीय ६२५ रेषांचे. पुढची सारी भांडणे या चार आकड्यांची आहेत.

भारत ६२५ रेषांच्या बाजूला गेला तो कोणत्याही मोठ्या धोरणात्मक चर्चेतून नव्हे, तर हाताशी जे साहित्य आले त्यातून, असे म्हणण्यास जागा आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी जे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, त्याला युनेस्कोचे २०,००० डॉलरचे अनुदान होते आणि क्षेपक व संच फिलिप्स या डच कंपनीचे होते. युरोपीय यंत्रासोबत युरोपीय पद्धत आली आणि देशातील वीजही ५० आवर्तनांची असल्याने ती चपखल बसली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र सुरू झाले तेव्हा पद्धत बदलण्याचा प्रश्न उरलाच नव्हता. कर्नाटकाच्या वाट्याला दूरचित्रवाणी आली ती मात्र राजधानीच्या आधी खेड्यांत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत जो ‘साइट’ प्रयोग झाला, त्यात मराठी मुलखाला लागून असलेल्या उत्तर कर्नाटकातील गावांचा समावेश होता, आणि बंगळूरच्या नागरिकांना आपल्या शहरात नियमित प्रसारण दिसण्यासाठी १९८० चे दशक उजाडावे लागले.

रंगाचा प्रश्न निराळा होता. अमेरिकेने १९५३ मध्ये एनटीएससी ही रंगीत पद्धत स्वीकारली, तेव्हा कृष्णधवल संच बाद होऊ नयेत म्हणून रंगाची माहिती चित्रलहरीच्या पोटात एका स्वतंत्र रंगवाहक लहरीवर बसवली गेली. आणि ही लहर ध्वनीच्या लहरीत ढवळाढवळ करू लागल्यामुळे चित्रांचा वेग ३० वरून किंचित कमी करून २९.९७ करावा लागला, हा अपूर्णांक पुढे पन्नास वर्षे जगभरच्या संपादकांच्या डोक्याला ताप झाला. एनटीएससीमध्ये रंगाची छटा त्या लहरीच्या कलेवर, म्हणजे तिच्या चढउताराच्या नेमक्या वेळेवर, अवलंबून असल्याने प्रसारणात जराशी गडबड झाली तरी माणसांचे चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसत. पश्चिम जर्मनीत टेलिफंकेन कंपनीतील वॉल्टर ब्रूख यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यावर उपाय शोधला. प्रत्येक एकाआड एक रेषेत रंगाच्या एका घटकाची कला उलटी करायची, म्हणजे एका रेषेतील चूक दुसऱ्या रेषेतील उलट्या चुकीने फिटते. हीच पाल पद्धत. फ्रान्सने सेकाम ही तिसरी पद्धत काढली आणि सोव्हिएत संघाने ती घेतली. भारतात १९८२ च्या १५ ऑगस्टपासून रंगीत राष्ट्रीय प्रसारण आणि नोव्हेंबरात आशियाई क्रीडास्पर्धा आल्या, तेव्हा पालची निवड झाली. ६२५ रेषा आणि ५० अर्धचित्रे आधीच ठरलेली असताना तीच निवड स्वाभाविक होती.

या घडामोडींत बंगळूरचा वाटा पाहणाऱ्याचा नव्हता, तर घडवणाऱ्याचा होता. जालहळ्ळी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीचे मुख्य काम संरक्षण दलांसाठी असले, तरी तिने दूरचित्रवाणीची प्रक्षेपण सामग्री आणि कृष्णधवल संचांच्या चित्रनलिकाही बनवल्या. त्या नलिकांची काच तयार करणारा तिचा कारखाना महाराष्ट्रात तळोजा येथे होता. राज्य सरकारने १९७६ मध्ये किऑनिक्स हे इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळ काढले. पालक्काड येथे १९६३ मध्ये सुरू झालेली बीपीएल ही कंपनी बंगळूरला येऊन स्थिरावली आणि जपानच्या सान्योशी सहकार्य करून रंगीत संचांच्या बाजारात देशातील आघाडीचे नाव झाली. अंतराळ संस्थेचे मुख्यालय शहरातच होते आणि ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहाचे नियंत्रण हासन येथून होत असे. याच उपग्रहामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर लहान क्षेपकांचे जाळे पसरले. थोडक्यात, संच कोणत्या पद्धतीचा हवा हे ज्यांना अचूक ठाऊक होते असे हजारो अभियंते आणि तंत्रज्ञ याच शहरात राहत होते, आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरी परदेशातून आणलेले संच मुके किंवा आंधळे होऊन पडलेले होते.

मुके आणि आंधळे हा भेद येथे शब्दशः घ्यावा. आखातातून आणलेला संच बहुधा नीट चाले, कारण तेथील बहुतेक लहान राष्ट्रांची पद्धत भारताशी जुळणारी होती. इंग्लंडहून आणलेला संचही पालच असे, परंतु चित्र आणि ध्वनी यांच्या वाहक लहरींतील अंतर भारतात ५.५ मेगाहर्ट्झ आणि इंग्लंडात ६ मेगाहर्ट्झ असल्यामुळे दूरदर्शनचे चित्र दिसले तरी आवाजाच्या जागी नुसती खरखर ऐकू येई. कसबी कारागीर ध्वनीच्या मंडलातील एक फिल्टर बदलून तो संच बोलता करी. अमेरिकेहून आणलेल्या संचाची मात्र सगळीच तऱ्हा वेगळी. त्याला ११० व्होल्टची वीज हवी म्हणून रोहित्र लागे, ध्वनीचे अंतर ४.५, रेषा ५२५, अर्धचित्रे ६० आणि रंगवाहक लहर ४.४३ ऐवजी ३.५८ मेगाहर्ट्झची. अशा संचावर भारतीय प्रसारण आणणे म्हणजे संच नव्याने बांधण्यासारखेच होते. याच्या उलट, अमेरिकेत भरलेली व्हीएचएस फीत येथील संचावर लावली तर चित्र खालून वर गरगरत राही, मागच्या बाजूची उभ्या स्थिरतेची खुंटी पिळून ते कसेबसे थांबवता येई आणि तरीही ते कृष्णधवलच दिसे.

जपानी कंपन्यांनी यातून जो मार्ग काढला तो तडजोडीचा उत्तम नमुना आहे. १९७६ मध्ये जेव्हीसीने आणलेल्या व्हीएचएस पद्धतीची यंत्रे जगभर विकायची तर प्रत्येक देशासाठी वेगळे यंत्र परवडत नव्हते. म्हणून आशिया आणि आखातासाठी ‘मल्टिसिस्टीम’ यंत्रे निघाली, ज्यांत एनटीएससी फितीतील रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर हलवून दिला जाई आणि थोडा सोशिक संच असला की तो ते चित्र रंगांसह दाखवी. पुढे १९९० च्या दशकात भारतात विकले जाणारे रंगीत संचच असे सोशिक झाले आणि ‘पाल, सेकाम, एनटीएससी’ ही अक्षरे खोक्यावर बढाईने छापली जाऊ लागली. अमेरिकेतील संच मात्र अखेरपर्यंत एकभाषीच राहिले. तेथील बाजार इतका मोठा होता की उत्पादकाला दुसऱ्या पद्धतीची पर्वा करण्याचे कारण नव्हते. जुळवून घेण्याचा भार नेहमी लहान गिऱ्हाइकावर पडतो, आणि या एका गोष्टीने पुढे भारतीय डीव्हीडीचे रूप ठरवले.

हा भार सर्वांत आधी जाणवला तो परदेशी गेलेल्या कुटुंबांना. बंगळूरला, पुण्याला किंवा बेळगावला झालेल्या लग्नाची फीत पाल पद्धतीची. ती शिकागो किंवा न्यू जर्सीला पोहोचली की मुलाच्या घरच्या यंत्रात नुसती मुंग्यांची रांग दिसायची. त्यामुळे पालची एनटीएससी करून देणे हा १९८० आणि १९९० च्या दशकांत दोन्ही बाजूंना चाललेला एक छोटा, पण खात्रीचा धंदा होता. भारतात तो लग्नाचे चित्रीकरण करणारेच करीत, आणि अमेरिकेत शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूसारख्या भारतीय बाजारांतील २२० व्होल्टच्या वस्तू विकणारी दुकाने करीत. हे रूपांतर सोपे नसते. सेकंदाला २५ चित्रांची २९.९७ करायची तर काही चित्रे दोनदा दाखवावी लागतात किंवा दोन चित्रे एकमेकांत मिसळावी लागतात. पहिल्या प्रकारात हालचाल अडखळते, दुसऱ्यात हलणाऱ्या हातामागे सावली राहते. मराठी नाटकांच्या ज्या फिती या मार्गाने अटलांटिक ओलांडून गेल्या, त्यांत नटाच्या प्रत्येक हातवाऱ्यामागे असा एक भुताटकीचा हात असे.

फीत आणि डीव्हीडी यांच्यामध्ये भारतात आणखी एक पाहुणी येऊन गेली, तिची दखल घेतल्याशिवाय पुढची कथा समजत नाही. १९९३ मध्ये प्रमाणित झालेली व्हिडिओ सीडी, म्हणजेच व्हीसीडी, अमेरिकेत फारशी रुजली नाही, पण आशियात तिने घर केले. चित्राची प्रत व्हीएचएसच्या आसपास, एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे, आणि म्हणून हिंदी किंवा कन्नड चित्रपटासाठी दोन, कधी तीन तबकड्या. परंतु तिच्यावर कोणताही कुलूपबंद संकेत नव्हता आणि प्रदेशाचा क्रमांकही नव्हता. तबकडी कोठेही घेतलेली असो, कोणत्याही यंत्रात ती चाले, आणि यंत्र ती आपल्या संचाला रुचेल त्या पद्धतीत दाखवी. डीव्हीडी आली तेव्हा भारतीय गिऱ्हाईक या मोकळेपणाला सरावलेले होते.

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. तिच्या जन्माआधीच हॉलिवूडच्या कंपन्यांनी एक अट घातली होती: जगाची प्रदेशांत वाटणी व्हावी आणि तबकडी ठरलेल्या प्रदेशाच्या यंत्रातच चालावी. त्या काळी चित्रपट सर्व देशांत एकाच दिवशी प्रदर्शित होत नसे. ‘जुरासिक पार्क’ अमेरिकेत जून १९९३ मध्ये आला आणि हिंदी बोलीसह भारतात १९९४ मध्ये. दरम्यान चित्रपटाच्या छापील प्रती एका देशातून दुसऱ्या देशात फिरत. उत्तम प्रतीची तबकडी अमेरिकेत निघाली आणि चित्रपट लागण्याआधीच ती दुसऱ्या देशात पोहोचली, तर तेथील चित्रपटगृहांचा धंदा बुडेल, अशी भीती कंपन्यांना वाटत होती. दुसरे कारण उघडपणे कमी बोलले जाई: प्रत्येक देशात वेगळी किंमत ठेवण्याची आणि वितरणाचे हक्क वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना विकण्याची मुभा. शहाजी राजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून या शहराला सीमांचे कागद ठाऊक आहेत, परंतु ही जहागीर अजब होती. जमीन जागच्या जागी, फक्त तबकडीवर शिक्का.

त्या वाटणीत अमेरिका आणि कॅनडा पहिला प्रदेश ठरले. दुसऱ्यात पश्चिम व मध्य युरोप, जपान, आखात, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका. तिसऱ्यात दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया. चौथ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका. सहाव्यात एकटा चीन. सातवा क्रमांक राखून ठेवला आणि आठवा विमाने व जहाजे यांना दिला. पाचव्यात भारतीय उपखंड, रशियासह पूर्वीच्या सोव्हिएत संघाचा मोठा भाग, उरलेली आफ्रिका, मंगोलिया आणि उत्तर कोरिया एकत्र कोंबले गेले. या यादीकडे पाहिल्यावर पाचवा प्रदेश कोणत्या निकषाने जुळवला असावा हे कळण्यास फारसा विचार करावा लागत नाही: इतर वाटण्या झाल्यावर ज्यांच्याकडून पैसे येण्याची आशा सर्वांत कमी, ते सारे त्यात आले.

या कुलपाची यंत्रणा साधी होती. तबकडीवर आठ खुणांची एक जागा असते आणि कोणत्या प्रदेशांत ती चालू नये याच्या खुणा तेथे केलेल्या असतात. यंत्र आपला क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहते आणि मनाई असेल तर पडद्यावर निरोप दाखवून थांबते. यंत्र उत्पादकाने हे पाळावेच अशी सक्ती कशी झाली, यातच खरी मेख आहे. चित्रपट तबकडीवर सीएसएस नावाच्या पद्धतीने कूटबद्ध केलेला असे; ते कूट उलगडण्याच्या किल्ल्या परवाना घेतल्याशिवाय मिळत नसत, आणि परवान्याच्या करारात प्रदेश पाळण्याची अट होती. म्हणजे कुलूप एका कराराचे होते आणि त्या करारावर गिऱ्हाइकाने कधीच सही केलेली नव्हती. सीएसएसचे कूट १९९९ मध्ये फोडणारा संगणकाचा आदेशसंच सर्वत्र पसरला आणि त्याबद्दल नॉर्वेतील योन लेख योहानसेन या तरुणावर खटला भरला गेला, त्यातून तो २००३ मध्ये दोनदा निर्दोष सुटला.

प्रदेशाचा क्रमांक आणि चित्रसंकेताची पद्धत यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे येथे नीट लक्षात घ्यावे लागते. जपान आणि इंग्लंड दोन्ही दुसऱ्या प्रदेशातले, पण जपान एनटीएससीचा आणि इंग्लंड पालचे; भारत आणि इंग्लंड दोन्ही पालचे, पण प्रदेश वेगळे. शिवाय डीव्हीडीवर पाल किंवा एनटीएससी असे लिहिलेले असले तरी त्या शब्दांचा मूळ अर्थ तेथे उरलेला नसतो. तबकडीवरील चित्र अंकरूपात असते. ५७६ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे असतील तर तिला पाल म्हणतात, ४८० रेषा आणि २९.९७ चित्रे असतील तर एनटीएससी. रंगाची लहर यंत्र स्वतः तयार करते, आणि म्हणूनच बहुतेक यंत्रे दोन्ही प्रकारच्या तबकड्या वाचून संचाला सोसेल असे मिश्रण बाहेर देऊ शकत. त्यामुळे २००० च्या सुमारास बंगळूरमधील घरात अमेरिकी तबकडी चालली नाही, तर दोष जवळजवळ नेहमी क्रमांकाचा असे. आणि बंगळूरची तबकडी अमेरिकेत चालली नाही, तर दोष बहुधा पद्धतीचा. दुकानदाराचे ‘सिस्टीम वेगळी आहे’ हे उत्तर म्हणून अर्धेच खरे होते.

पाचव्या प्रदेशात राहण्याचा तोटा प्रत्यक्षात किती, हे त्या काळच्या दुकानांत दिसत असे. हॉलिवूडच्या अधिकृत तबकड्या भारतात मोजक्या परवानाधारक कंपन्यांमार्फत येत, त्यांची यादी तोकडी होती आणि युरोपचा किंवा जपानचा अभिजात चित्रपट तर त्यांत क्वचितच सापडे. १९७१ पासून बंगळुरात काम करणाऱ्या सुचित्र फिल्म सोसायटीसारख्या संस्थांनी ज्या शहरात असे चित्रपट पाहणारा वर्ग तयार केला होता, तेथे ही उणीव विशेष बोचणारी होती, कारण हव्या त्या तबकड्या जगात होत्या, फक्त त्यांच्यावर पहिला किंवा दुसरा क्रमांक होता. या प्रदेशाला जागतिक कीर्ती मिळाली तीही विचित्र मार्गाने. रशियातील चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी काही कंपन्यांनी २००० च्या दशकाच्या मध्यास पाचव्या प्रदेशासाठी घाईने, चित्र न सुधारता, लवकर तबकड्या काढल्या. त्यांच्याच प्रती जगभर फिरू लागल्या आणि ‘आर-५’ हे चोरट्या प्रतींच्या व्यवहारातले एका दर्जाचे नाव होऊन बसले. बाजार राखण्यासाठी आखलेल्या प्रदेशाचे नाव चोरीच्या मालाचे वाण ठरावे, याहून स्पष्ट निकाल या योजनेवर दुसरा कोणी देऊ शकला नसता.

बंगळूरने या कुलपाशी फारसा वाद घातला नाही; त्याने ते उघडले. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी सदर पत्रप्पा रस्ता, ज्याला सारे शहर एस. पी. रोड म्हणते, आणि परदेशी वस्तूंसाठी मॅजेस्टिकजवळचे नॅशनल मार्केट, ही दोन ठिकाणे त्या काळच्या गिऱ्हाइकाला तोंडपाठ होती. चीनमध्ये बनलेल्या स्वस्त यंत्रांत मोजक्या कंपन्यांच्या चिप असत आणि त्यांत कारखान्यातील चाचणीसाठी ठेवलेली एक लपलेली यादी असे. तबकडीचा कप्पा उघडा ठेवून रिमोटवर काही आकडे दाबले की ती पडद्यावर येई आणि प्रदेशाच्या जागी शून्य भरता येई. अधिकृत रचनेत शून्य नावाचा प्रदेशच नाही. सर्व खुणा मोकळ्या असणे याला बाजाराने दिलेले ते नाव आहे. अनेक यंत्रे तर दुकानातूनच शून्य होऊन येत. कंपन्यांनी २००० मध्ये काही अमेरिकी तबकड्यांवर जादा तपासणी घातली, जी शून्यावरच्या यंत्राला ओळखून नकार देई. उत्तर म्हणून यंत्रावर शून्याऐवजी एक भरण्याची सोय आली. खेळ एवढ्यावर मिटला.

संगणकावर मात्र तो मिटला नाही. १ जानेवारी २००० नंतर बनलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये प्रदेशाची तपासणी थेट यंत्राच्या पोटात गेली आणि वापरणाऱ्याला प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येऊ लागला. पाचव्या बदलानंतर जो क्रमांक असेल तो कायमचा. सॉफ्टवेअरच्या कामासाठी अमेरिकेत दोन-तीन वर्षे राहून परत येणाऱ्या बंगळूरच्या तरुण पिढीला याचा अनुभव लॅपटॉपवर आला: तिकडच्या तबकड्या एकच्या, इकडच्या पाचच्या, आणि बदलांचा हिशेब संपत आलेला. ज्या शहरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे केंद्र १९८५ पासून होते, फिलिप्सचे सॉफ्टवेअर केंद्र १९९६ पासून होते आणि ध्वनी-चित्र संकोचनाचे काम करणारी इत्तियमसारखी कंपनी २००१ मध्ये उभी राहिली, त्या शहरातील अभियंत्याला स्वतःच्या संगणकात स्वतःची तबकडी लावता येऊ नये, यातील विसंगती सांगण्याची गरज नाही.

कायद्याने या प्रश्नाला भारतात उशिरा हात घातला. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-ए हे कलम आले आणि संरक्षक तांत्रिक उपाय भेदणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरला. परंतु त्यात हक्कभंगाच्या हेतूची अट आहे. विकत घेतलेली अस्सल तबकडी आपल्या यंत्रात पाहण्यासाठी प्रदेश मोकळा करणाऱ्याचा तसा हेतू दाखवणे कठीण आहे, आणि हा शहाणपणा अमेरिकी कायद्यापेक्षा भारतीय कायद्यात अधिक आहे. चोरट्या प्रतींची गोष्ट वेगळी. नॅशनल मार्केटवर त्यासाठी पोलिसांचे छापे पडत, आणि गुंडांना स्थानबद्ध करण्यासाठी केलेल्या कर्नाटकाच्या १९८५ च्या कायद्याच्या लांबलचक शीर्षकात हातभट्टीवाले, जुगारी आणि झोपडपट्टी बळकावणारे यांच्या रांगेत ध्वनिचित्रांच्या चोरट्या प्रती काढणारेही येऊन बसले.

भारतीय चित्रपटांच्या तबकड्यांनी या साऱ्या वाटणीकडे पाठच फिरवली होती. हिंदी चित्रपटाची चांगली किंमत देणारे डीव्हीडीचे गिऱ्हाईक अमेरिका, कॅनडा, इंग्लंड आणि आखातात होते; त्यांना वेगवेगळ्या प्रदेशांच्या तबकड्या काढून देणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून असंख्य भारतीय तबकड्यांच्या वेष्टनावर ‘ऑल रिजन’ हे शब्द दिसतात, आणि त्यांच्या शेजारी, पालच्या देशात बनलेल्या असूनही, एनटीएससी. कारण वर आलेच आहे: भारतीय संच एनटीएससी सोसत होता, अमेरिकी संच पाल सोसत नव्हता. याची किंमत चित्राला मोजावी लागली. दूरदर्शनसाठी पाल पद्धतीत उतरवलेली प्रतच पुष्कळदा एनटीएससीत फिरवली जाई आणि लग्नाच्या फितीतला तो भुताटकीचा हात नामवंत नायकांच्या मागेही येई. मूळ पालमध्येही एक खोड होती. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, तो २५ च्या वेगाने चालवला जाई. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि आवाज वर चढे. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनच्या अलीकडे कोठेतरी जाऊन थांबे. दूरदर्शनवर चित्रगीते ऐकत वाढलेल्या पिढीच्या कानात कित्येक गाणी अशी मूळ पट्टीपेक्षा चढीच बसलेली आहेत.

शेवटची दहा वर्षे झपाट्याने गेली. मोझर बेअर या कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने २००६-०७ च्या सुमारास चित्रपटांची व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि चोरट्या मालाची किंमतच अस्सल मालाला दिली. प्रदेशवाटणीने जे दहा वर्षांत साधले नाही ते या किमतीने काही काळ साधले. बंगळूरच्याच सेव्हन्टीएमएम या कंपनीने तबकड्या घरपोच भाड्याने देण्याचा उद्योग करून पाहिला. ब्लू-रेने जगाचे तीनच भाग केले आणि त्यात भारत, रशिया आणि चीन ‘सी’ या अक्षराखाली आले. पुढच्या ४-के तबकडीने वाटणी सोडूनच दिली. संच अंकीय झाले, त्यांतील पुष्कळांना ५० आणि ६० दोन्ही सारखेच. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले आणि प्रदेशाचा क्रमांक तबकडीवरून उठून इंटरनेटच्या पत्त्यावर जाऊन बसला, इतकेच. त्याच वर्षी जुलैत फुनाई या जपानी कंपनीने व्हीएचएस यंत्रांचे जगातील अखेरचे उत्पादन थांबवले.

त्या यंत्रांवाचून उरलेल्या फिती अजून घराघरांतल्या कपाटांत आहेत, आणि त्यांवरचा चुंबकीय लेप दरवर्षी थोडा थोडा झडत आहे. ज्यांच्या घरी १९८० किंवा १९९० च्या दशकातील लग्नाची, मुंजीची किंवा नाटकाची पाल फीत असेल, त्यांनी ती चालते यंत्र शोधून लवकर अंकरूपात उतरवून घ्यावी, आणि उतरवताना, मुले अमेरिकेत असली तरी, ती ५७६ रेषांत आणि २५ चित्रांतच ठेवण्यास सांगावे. आजचा कोणताही पडदा ती तशीच दाखवतो.